दरपत्रक : एक रसग्रहण

मराठीत समीक्षेला वाईट दिवस आले आहेत, असं जाणकार म्हणतात. पुस्तकं ढिगानं निघतात, पण त्यांच्यावर लिहायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर तो पुस्तक न वाचता लिहितो. माझं नेमकं उलट झालं आहे. एक पुस्तक मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे. त्याच्या सगळ्या आवृत्त्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, पानोपानी बेरजा आहेत, एके ठिकाणी आमटीचा डागही आहे. एवढा अभ्यास करून बसलेल्या माणसाला 'यावर चार ओळी लिहा हो' असं एकाही संपादकानं म्हणू नये?

अर्थात मी काही साहित्यातला माणूस नव्हे. बी. कॉम. सेकंड क्लास, बँकेत क्लार्क, मुक्काम सोलापूर. वाङ्मयाशी माझा संबंध पासबुकापुरता, आणि पासबुक हा शेवटच्या ओळीपासून वाचायचा वाङ्मयप्रकार आहे. पण मी ज्या ग्रंथाविषयी लिहितो आहे, तो समजायला साहित्यातलं एम. ए. उपयोगाचं नाही. तिथं कॉमर्सच पाहिजे, आणि तेही कमी पडतं.

ग्रंथाचं नाव : चॅनेल निवड अर्ज व दरपत्रक. लेखक : अज्ञात. प्रथमावृत्ती : जानेवारी २०१९. पृष्ठे : आठ, म्हणजे चार कागद पाठपोट झेरॉक्स. किंमत : तीच तर सगळी भानगड आहे.

आता कुठल्याही ग्रंथाचा विचार करताना आधी पूर्वपरंपरा बघायची असते. केबलच्या वाङ्मयाची पूर्वपरंपरा मौखिक होती. मी शाळेत असताना, नव्वदीच्या सुरुवातीला, आमच्या गल्लीतल्या एका उद्योगी तरुणानं गच्चीवर भली मोठी छत्री उलटी ठेवली आणि तिच्यातून निघालेली काळी वायर कडुलिंबावरून, चार गच्च्यांवरून आणि एका न्हाणीघराच्या खिडकीवरून आमच्या घरात आणून सोडली. दरपत्रक वगैरे काही नव्हतं. पाच तारखेला तो लूनावरून येई, आई पदराच्या गाठीतले पैसे काढून देई आणि तो एका पिवळ्या कार्डावर सही करी. काय दिसेल हे त्याच्या मर्जीवर. रात्री नऊला तो स्वतःच्या व्हीसीआरवर सिनेमा लावी आणि तो अख्ख्या पेठेला दिसे. त्याच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तीन रात्री सगळ्या पेठेनं लग्नाची कॅसेट पाहिली. तिसऱ्या रात्री पंगतीत श्रीखंड कोणी दोनदा घेतलं हे आम्हांला पाठ झालं होतं. तक्रार करायची तर खिडकीतून हाक मारायची. त्याचं उत्तरही खिडकीतूनच येई. १९९५ साली केबलचा कायदा झाला म्हणतात; आमच्या गल्लीत तो बराच काळ पोचला नव्हता.

या परंपरेत पहिला खंड पडला तो ३१ मार्च २०१३ला. डिजिटल होण्याची सक्ती ज्या शहरांवर त्या तारखेला आली, त्यांत आमचं सोलापूर होतं. तारीख कोणी काढली होती कोण जाणे. ३१ मार्चला बँकवाल्याला आपलं घर आहे हेसुद्धा आठवत नाही, मग घरात डबा बसवायचा आहे हे कुठून आठवणार? मी रात्री साडेअकराला वर्षअखेर करून आलो तेव्हा पडद्यावर मुंग्या होत्या आणि आई त्या मुंग्यांसमोर जपमाळ घेऊन बसली होती. चार दिवसांनी सेट टॉप बॉक्स आला.

शेजारच्या अक्कांकडे तो आला नाही. अक्का तेलुगू. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे निम्मा तेलंगणच. कुणाच्या तरी आज्यापणज्यानं तिकडून माग आणला आणि इथं चादर विणली. अक्कांचे यजमान यंत्रमागावर होते, ते गेले. मुलगा भिवंडीला गेला. अक्का घरी विड्या वळतात. त्यांच्याकडे टीव्ही होता, पण डब्याचे पैसे त्यांना जड झाले असावेत. त्यांनी टीव्हीवर स्वच्छ धुतलेला टॉवेल घातला, वर बालाजीचा फोटो ठेवला आणि एक दिवस दुपारी दोनला सूप घेऊन आमच्याकडे आल्या. सुपात तेंदूची पानं, डब्यात तंबाखू. "वैनी, तुमच्याकडं आमचं चॅनेल लागतंय का बघा की."

लागत होतं. तेव्हा सगळ्यांकडे सगळंच लागायचं.

त्या दिवसापासून पुढची जवळजवळ सहा वर्षं रोज दुपारी दोन ते चार आमच्या घरी तेलुगू मालिका चालली. आईला तेलुगू येत नाही. "कळतं काय गं तुला?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कळायचं काय त्यात? सासू तीच आहे." अक्कांचे हात विड्या वळत, आईचे हात काही ना काही निवडत आणि दोघींचे डोळे पडद्यावर. मधून अक्का आपल्या मराठीत खुलासा करीत : "ती आता विष घालणार बघा दुधात." आई म्हणे, "मी कालच सांगितलं होतं." आईला तेलुगूतला एकच शब्द येत होता : रेपु. म्हणजे उद्या. चार वाजता अक्का सूप उचलून म्हणत, "रेपु." आई म्हणे, "रेपु." आमच्या सौ.ला तंबाखूच्या वासानं शिंका येत, पण तिनं कधी ब्र काढला नाही. फक्त दोन ते चार ती स्वयंपाकघरात काही तरी काम काढी.

अशा घरात तो ग्रंथ येऊन पडला.

प्रस्तावना बरी होती. ग्राहक आजवर न बघितलेल्या वाहिन्यांचेही पैसे देतो, हा अन्याय आहे. यापुढे त्यानं जे बघायचं तेवढंच निवडावं आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. ट्रायनं म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०१७ साली हा आदेश काढला, त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं आणि शेवटी १ फेब्रुवारी २०१९पासून तो लागू झाला. वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यात आपल्याला कोणी 'निवडा' म्हणालं आहे? नाव आजोबांनी ठेवलं, कॉमर्स वडिलांनी निवडलं, शाखा झोनल ऑफिस निवडतं. सौ.ला मी निवडलं असं मी समजत होतो. पुढे कळलं की ती बैठक आधीच झाली होती.

पण प्रस्तावनेनंतर मजकुराला सुरुवात झाली आणि लेखकाची पकड सुटली. पहिल्याच पानावर 'नेटवर्क कपॅसिटी फी' नावाचं पात्र येतं. रुपये १३०, अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. हे कशाचे, तर १०० वाहिन्या मावतील एवढ्या जागेचे. वाहिन्यांचे नव्हेत, जागेचे. म्हणजे खाणावळीत गेलात, रिकामं ताट समोर आलं आणि मालक म्हणाला, 'दीडशे द्या. वाढपी अजून यायचा आहे.' या ताटात दूरदर्शनच्या पंचविसेक वाहिन्या सक्तीच्या, जशी डावीकडची चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. उरलेल्या पंच्याहत्तर जागा तुमच्या. फुकट वाहिन्यांनी भरा नाही तर पैसे देऊन भरा. शंभराच्या वर गेलात तर पुढच्या पंचवीस जागांचे आणखी वीस रुपये, जीएसटीसकट २३ रुपये ६० पैसे. एकच जास्त घेतली तरी पंचवीस जागांचे. आणि एचडी वाहिनी असेल तर ती दोन जागा अडवते. आमच्या शाखेत असे एक साहेब होते.

दुसऱ्या पानापासून नावं सुरू होतात. साडेतीनशेच्या आसपास पात्रं, आणि प्रत्येकाच्या पुढे किंमत. कुणी दहा पैशांचं, कुणी एक रुपयाचं, आणि मग एकदम एकोणीस, एकोणीस, एकोणीस. एवढी थोर थोर मंडळी एकाच किमतीची कशी, हे कोडं मला दोन रात्री पडलं होतं. उत्तर नियमात सापडलं. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर, तिला गुच्छात घालता येत नाही. मर्यादा असली की सगळे मर्यादेला जाऊन टेकतात, हे बँकेत प्रवासभत्त्याची बिलं तपासणाऱ्याला शिकवायला नको.

आता गुच्छ. इंग्रजीत बुके म्हणतात. सुटं फूल एकोणीस रुपयांना आणि तशी तीन, शिवाय कण्हेर, धोतरा, गाजरगवत अशी दहा-बारा घालून बांधलेला गुच्छ मात्र तीन सुट्या फुलांपेक्षा स्वस्त. गुच्छावर फार सूट देऊ नये, सुटं घेणाऱ्याला ते मारक होतं, म्हणून १५ टक्क्यांची मर्यादा घालायचा प्रयत्न झाला होता. मद्रास उच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग ७० टक्क्यांपर्यंत सूट दिलेले गुच्छ निघाले, हे पुढे ट्रायनंच आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवलं आहे. म्हणजे आदेश म्हणतो 'आवडीचं निवडा' आणि हिशेब म्हणतो 'निवडाल तर महागात पडेल'. ग्रंथाच्या आशयात आणि अभिव्यक्तीत एवढी फारकत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. समीक्षक म्हणून मला इथं थोडं कडक व्हावं लागतं : निवडणाऱ्याला दंड आणि न निवडणाऱ्याला बक्षीस, अशा पायावर उभ्या राहिलेल्या ग्रंथाला 'निवड अर्ज' हे नाव देणं ही वाचकाची फसवणूक आहे. बरं, ज्यांनी अर्ज भरलाच नाही त्यांना मुदत वाढवून मिळाली (कोणती तारीख? ३१ मार्च!) आणि त्यांच्यासाठी 'बेस्ट फिट' नावाची योजना काढायचं ठरलं. वर्गात ज्यांनी पेपर कोरा दिला, त्यांना मास्तरांनी घरी येऊन उत्तरं लिहून दिली.

पण मी कॉमर्सचा. मी अर्ज भरणारच होतो, आणि तोही सुटा. रविवारी सकाळी घरातली समिती बसवली. आईला मराठीच्या दोन : एक एकोणीस, एक दहा. सौ.ला हिंदीची एक : एकोणीस. चिरंजीवांना क्रिकेट : एकोणीस. एकूण ६७. जीएसटी १२ रुपये ६ पैसे. झाले ७९ रुपये ६ पैसे. ताटाचे १५३ रुपये ४० पैसे मिळवा. २३२ रुपये ४६ पैसे! पूर्वी मी सरसकट २५० देत होतो. महिन्याला १७ रुपये ५४ पैशांची बचत. उरलेल्या एकाहत्तर जागा मी फुकट वाहिन्यांनी काठोकाठ भरल्या. ओडिया बातम्या घेतल्या, दागिने विकणारी वाहिनी घेतली, तीन निरनिराळ्या बाबांच्या तीन घेतल्या. जागेचे पैसे दिले आहेत ना? मग रिकामी का ठेवायची?

तेलुगूच्या रकान्याशी पेन्सिल क्षणभर थांबली होती, हे मला आठवतं. आईनं माझ्याकडे पाहिलं हेही आठवतं. पण किंमत होती एकोणीस, मराठीच्या कुठल्याही गुच्छात ती वाहिनी नव्हती, आणि आमच्या घरात तेलुगू कोणाला येतं? अर्जाच्या वर तरी हेच विचारलं होतं : कुटुंबात कोणकोणत्या भाषेतील वाहिन्या पाहिल्या जातात? मी 'मराठी, हिंदी' लिहिलं. सही केली. खाली तारीख टाकली. बँकेतला माणूस तारीख विसरत नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी दोनला पडद्यावर पाटी आली की ही वाहिनी तुमच्या योजनेत नाही. मी तेव्हा काउंटरवर होतो, त्यामुळे हा प्रसंग मी पाहिला नाही, सौ.नं नंतर सांगितला. दोघी ती पाटी बराच वेळ बघत बसल्या म्हणे. अक्कांना वाटलं पाऊसबिऊस पडतोय, फेब्रुवारीत. मग आईनं मराठी लावलं. अक्का चार वाजेपर्यंत बसल्या, विड्या पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो वैनी, ती सासू तर मरतच नाय. बघून काय करायचं?" आणि सूप उचलून गेल्या. उठताना नेहमीचा शब्द म्हणाल्या नाहीत.

मला पत्ता नव्हता. मी खुशीत होतो. शाखेत मी माझ्या १७ रुपये ५४ पैशांची गोष्ट तिघांना सांगितली होती. (त्यांतल्या एकानं आठवण करून दिली की आपली बँक एसएमएसचे तिमाहीला पंधरा अधिक जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे कापते. म्हणजे एका महिन्याची बचत जाऊन वर सोळा पैसे देणं लागतो. असले सहकारी प्रत्येक शाखेत एक तरी असतात.) महिन्याच्या एका रविवारी मी दुपारी घरी होतो. दोन वाजले, सव्वादोन झाले. टीव्ही बंद. आई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. सौ. मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ते तांदूळ कालच निवडून झालेत."

"अक्का कुठं आहेत?"

"तेरा दिवस झाले."

आईला विचारलं तर म्हणाली, "तिचे गुडघे दुखतात रे. तीन पायऱ्या चढायच्या म्हणजे..." आमच्या घराला दोन पायऱ्या आहेत.

सोमवारी अर्धा तास उशिरा जातो असं साहेबांना कळवून मी केबलच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, तेलुगू एक वाहिनी वाढवा. एकोणीस, जीएसटी धरून २२ रुपये ४२ पैसे. मी सुटे घेऊनच गेलो होतो. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचे शंभर फुल्ल आहेत. आता स्लॅब वाढणार. ते २३ साठ आणि हे २२ बेचाळीस." ४६ रुपये २ पैसे! एका सासूसाठी! मी म्हटलं, मग एक काढा. तो म्हणाला, कुठली काढू? आणि तुम्हांला सांगतो, ज्या एकाहत्तर वाहिन्यांतली एकही मी कधी लावली नव्हती, त्यांतली एक काढायला माझा हात उचलेना. अखेर दागिनेवाली काढली. तीसुद्धा काढताना वाटलं, सोन्याचा भाव अधूनमधून कळला असता.

घरी येऊन बेरीज केली. २५४ रुपये ८८ पैसे. पूर्वीपेक्षा ४ रुपये ८८ पैसे जास्त. आणि पूर्वी दिसत होतं त्याच्यातलं नव्वद टक्के आता दिसत नव्हतं. संध्याकाळी मी अक्कांच्या दारात गेलो आणि म्हटलं, "अक्का, चॅनेल आलंय. वायरमध्ये बिघाड होता." अक्का म्हणाल्या, "होय होय. वायरच असणार." त्यांनी मला चहा दिला. टॉवेल घातलेल्या टीव्हीवरून बालाजी माझ्याकडे बघत होता.

इथं रसग्रहण संपायला हरकत नव्हती, पण ग्रंथाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. १ जानेवारी २०२०च्या आदेशानं दुसरी आली. आता त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या, आणि दूरदर्शनच्या त्यांत मोजायच्या नाहीत. एकोणीसची मर्यादा बारावर आणायची असंही तीत होतं. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा एकोणीस. बारा हा आकडा मला तरी पावतीवर कधी भेटला नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या मागोमाग टाळेबंदी आली. तेव्हा एकच झालं : ज्या सक्तीच्या दूरदर्शनला मी लिंबाची फोड म्हटलं, तिथं २८ मार्च २०२०पासून रामायण पुन्हा सुरू झालं आणि सगळा देश तिथं जाऊन बसला. अक्कांना घराबाहेर पडायची बंदी. मी टीव्हीचं टेबल ओढून खिडकीशी नेलं, तोंड त्यांच्या ओट्याकडे केलं आणि आवाज वाढवला. आई आत, अक्का बाहेर. रामायणात खुलासा कोणी कोणाला करायचा नसतो, त्यामुळे दोघी गप्प असत. आवाजाबद्दल मागच्या घरातून तक्रार आली.

तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०२३ची. वाहिन्यांच्या मालकांनी नवे भाव काढले, केबलवाल्यांच्या संघटनेनं नव्या करारांवर सह्या करायला नकार दिला आणि मालकांनी सिग्नल बंद केले. देशभरच्या केबलच्या घरांत कित्येक लोकप्रिय वाहिन्या काही दिवस दिसल्या नाहीत. भांडण मालकांचं आणि केबलवाल्यांचं. महिन्याचे पैसे भरून अंधारात आम्ही. या वेळी अक्का मात्र आल्या. आता दोघींची सवय जुनी झाली होती. कोऱ्या पडद्यासमोर बसून त्यांनी मालिका तोंडीच पुढे चालवली. वाहिनी परत आली तेव्हा कळलं, यांची कथा बरीच पुढे गेली होती. यांच्याकडे सासू वारली होती. पडद्यावर ती ठणठणीत होती. दोघींनाही ते आवडलं नाही.

जुलै २०२४मध्ये त्या १३० रुपयांवरची मर्यादाच ट्रायनं काढून टाकली. ताटाचं भाडं आता ज्यानं त्यानं ठरवायचं. तेव्हापासून मी आवृत्त्यांना नंबर घालणं सोडलं आहे.

या सगळ्यात समीक्षकांनी दुर्लक्ष केलेलं एक अंग आहे, ते म्हणजे वाहिन्यांचे नंबर. किमतीबद्दल सगळे बोलतात, नंबराबद्दल कोणी बोलत नाही. तरुण माणसाला वाहिनी नावानं ओळखता येते. आईला पडद्यावरचं बारीक इंग्रजी वाचता येत नाही; तिच्या दृष्टीनं वाहिनी म्हणजे घर नंबर. आणि या घरांच्या सतत बदल्या होतात. दिलेला नंबर वर्षभर तरी बदलू नये असं नियमात आहे म्हणे. वर्ष? बँकेत आम्हांलासुद्धा एका शाखेत तीन वर्षं मिळतात, आणि जाताना हार घालतात, चिवडा-पेढा होतो. ही बिचारी एका रात्रीत ७१४वरून ११३२वर. त्यात वाहिन्या आपण दिसावं म्हणून केबल कंपन्यांना वेगळे पैसे देतात हे कळल्यावर तर मी चाटच पडलो. ती दाखवून घ्यायला पैसे देते, मी बघायला पैसे देतो, आणि तिचा नवा पत्ता मात्र मीच शोधायचा.

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं नंबर लिहून ठेवले आहेत. वर्ष बदललं की ती यादी नव्या कॅलेंडरवर उतरवते. जुना नंबर खोडायचा, खाली नवा. तेलुगूच्या रकान्यात आतापर्यंत पाच खोडले आहेत. माझ्या खणातल्या सगळ्या आवृत्त्यांपेक्षा हा एक कागद मी जास्त प्रमाण मानतो.

परवा दुपारची गोष्ट. दोन वाजून पाच मिनिटं. पेन्शनची रांग. माझ्यासमोर एक आजोबा, हातात पासबुक, बोट शेवटच्या ओळीवर. "हे सतरा रुपये सत्तर पैसे कशाचे कापले, ते मला सांगा. मी मागितला होता का तुमचा मेसेज?" मी त्यांना सांगू लागलो की तिमाहीचा आकार असतो, वर जीएसटी असतो, तसा नियमच आहे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी कुठंतरी पाहिला होता, बहुधा आरशात. तेवढ्यात मोबाइल वाजला. आई कामाच्या वेळी फोन करत नाही, म्हणून घेतला.

"अरे, अक्का येऊन बसल्यात," आई म्हणाली. "आणि त्या नंबरावर कुणीतरी भांडी विकतंय. आता कितीवर गेलं?"

सकाळीच केबलवाल्याचा मेसेज आला होता, तो पाठ होता. मी आजोबांना हातानं 'एक मिनिट' अशी खूण केली आणि फोनमध्ये मोठ्यानं म्हणालो, कारण आईला हल्ली कमी ऐकू येतं, "तेराशे सात! तेरा शून्य सात!"

आजोबांनी पासबुक छातीशी धरलं.

"तेराशे सात?" ते रांगेकडे वळून म्हणाले. "आत्ता सतरा म्हणत होता हो हा!"